माणिकप्पाची तक्सीम

आलमवाडीत एखाद्या घरात भावाभावांची कुरबुर सुरू झाली की बायका आधी त्या घराच्या चुलीकडं बघायच्या आणि पुरुष माणिकप्पाच्या ओसरीकडं. एका चुलीच्या दोन होणार हे ठरलं की माणिकप्पाला बोलावणं आलंच म्हणून समजा. उमरग्यापासून आठ मैलांवरची ही वाडी, दीडशे उंबऱ्यांची. त्यातल्या निम्म्याअधिक घरांच्या वाटण्या या एका माणसानं केलेल्या. तलाठी नव्हे, पाटील नव्हे, पंच तर नव्हेच. अकरा एकर कोरडवाहूचा धनी, अंगात बंडी, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर तागाची गाठी मारलेली दोरी. एवढाच त्याचा सरंजाम.

शाळा चार इयत्ता झालेली, तीसुद्धा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. त्या शाळेतलं सगळं तो विसरला, पण तक्सीम विसरला नाही. भागाकाराला तो जन्मभर तक्सीमच म्हणायचा. तिथले मास्तर छडी आपटून सांगायचे, भागून झाल्यावर खाली काही उरता कामा नये. बाकीच्या पोरांचं उरायचं, माणिकप्पाचं उरायचं नाही. तेच त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. नीट भागलं तर काहीसुद्धा उरत नाही, मग ती पाटीवरची संख्या असो की बापाची जमीन. आता गणितात हे खरं असेलही, मी काही शिकलेला माणूस नाही.

पण त्याचं काम चोख, हे मात्र मान्य करायलाच हवं. रान मापायचं तर तो सकाळी दोरी टाकायचा आणि दोन्ही वाटे होईतो खाली बसायचा नाही. दवाची दोरी आणि उन्हाची दोरी सारखी भरत नाही, म्हणायचा. नुसत्या लांबी-रुंदीवरही भागवायचा नाही. पहार घेऊन चार ठिकाणी खड्डे काढायचा, काळी माती कुठं हातभर आहे आणि कुठं वितीवर मुरूम लागतो ते बघायचा, आणि मुरमाच्या बाजूला दोन काकऱ्या जास्त घालायचा. बांधावरचं बोराचं झाडसुद्धा एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बैलजोडीतला एकेक बैल, घरातली पातेली, पाटा एकाला तर उखळ दुसऱ्याला. वाटे पडले की धाकट्यानं आधी उचलायचं, थोरल्यानं मागून. आणि एक नेम त्यानं स्वतःचा घातला होता. कुणी मध्येच तोंड उघडून, मला अमुक हवं, म्हणाला की माणिकप्पा दोरी गुंडाळायला लागायचा.

"वाटणीत मागणं न्हाय," म्हणायचा. "मागायचं आसंल तर भीक मागा. म्या चाललो."

मग सगळे गप्प बसायचे.

ही पत त्याला कुठून आली, तर बहात्तरच्या दुष्काळातून. पाझर तलावाच्या कामावर सगळी वाडी माती वाहत होती. माणसं टाचेपासून वर वाळत चालली होती. टँकरचं पाणी आलं की हाणामारी, सरकारी सुकडीच्या पिठाची पोती आली की हाणामारी. शेवटी मुकादमानं माणिकप्पाच्या हातात जर्मनचा एक वाडगा दिला आणि म्हणाला, तूच वाट बाबा. त्या दिवसापासून भांडण बंद. आपला असो की परका, त्याच वाडग्यानं, वर बोट फिरवून सपाट केलेलं माप. आणि आपल्या घरचं माणूस सगळ्यात शेवटी.

घरचं माणूस म्हणजे शरणम्मा, त्याची बायको. ती रोज रांगेच्या टोकाला उभी राहायची, म्हणजे तोच उभी करायचा. एक दिवस तिच्या आधीच पोतं रिकामं झालं. माणिकप्पानं पोतं उलटं करून झटकलं, लोकांना दाखवलं आणि तिला म्हणाला, "संपलं." ती परत कामाला लागली. दुपारी मातीची पाटी डोक्यावर असतानाच चक्कर येऊन पडली. बायकांनी तोंडावर पाणी मारलं, तेही कुणाकुणाच्या वाट्यातलं. संध्याकाळी मात्र सगळ्या कामावर एकच बोलणं, माणूस असावा तर माणिकप्पासारखा, बायकोलासुद्धा सोडत नाही! तो ते ऐकून सुखावला होता, खोटं कशाला सांगा?

दुष्काळ सरला आणि वाटण्यांचं पेवच फुटलं. उपासात एकत्र राहिलेली घरं दाणे दिसायला लागल्यावर फुटली. त्यात एक घर समोरच्या गल्लीतलं, गोरोबाचं. दोन पोरं, नऊ एकर रान, आणि स्वतः गोरोबा नि त्याची बायको गजराबाई. रान झालं, भांडी झाली, बैल झाले. राहिली म्हातारी माणसं. थोरला म्हणे दोघांना तू ने, धाकटा म्हणे तू ने. कुणीतरी सुचवलं, म्हाताऱ्यांना दोन एकर वेगळे काढून द्या, खातील त्यांचं ती. माणिकप्पानं मान हलवली.

"नवाचं तीन वाटं केल्यावर औताला वळाय जागा ऱ्हाती का?" तो म्हणाला. "दोन पोरं, दोन म्हातारी. येक हिकडं, येक तिकडं. झाली तक्सीम."

लोक म्हणाले, वा! इतकी सरळ गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गोरोबाला धाकट्याकडं मळ्यात पाठवलं, कोसभर लांब. गजराबाई थोरल्याकडं गावात राहिली. निघताना गोरोबा काहीतरी म्हणत होता, पण माणिकप्पा तेव्हा दोरी गुंडाळत होता. आणि ही तऱ्हा गावात रुळली. आसपासच्या चार वाड्यांत लोक 'माणिकप्पाची तक्सीम' म्हणूनच तिला ओळखायला लागले. दोन पोरं असली की बाप एकाकडं, आई दुसऱ्याकडं, भांडणच नाही.

दोन वर्षांनी गोरोबा मळ्यातच वारला. भावाभावांचं बोलणं नव्हतं, त्यामुळं निरोप कुणी धाडला नाही. गजराबाईला एका मेंढक्यानं सांगितलं. ती कोसभर पळत गेली तोवर तिरडी उचलली होती. त्यानंतर तिनं थोरल्याच्या परसात छपरी घालून एकटीची चूल मांडली. माणिकप्पा दिसला की ती पदर सारखा करून मान खाली घालायची, वाईट शब्द कधी बोलली नाही. शरणम्मा मात्र त्या दिवसापासून पाण्याला जाताना गजराबाईची घागर स्वतः शेंदून द्यायला लागली. का, ते माणिकप्पानं विचारलं नाही.

आता ब्याऐंशी सालाकडं या. त्या ऑगस्टात जिल्ह्याचीच वाटणी झाली. लातूर वेगळं निघालं, धाराशिवच्या वाट्याला उरलेले तालुके आले. पारावर लोकांना चेष्टेला विषयच मिळाला. "सरकारनं माणिकप्पाला बोलवाय पायजे हुतं, दोरी टाकून धा मिंटात मोकळं केलं आसतं!" माणिकप्पा मिशीत हसला. मनातून त्याला खरंच वाटलं असणार, की जमलं असतं.

त्याच दिवसांत गावात दूध संस्था निघाली होती. रोज सकाळी कॅन भरून उमरग्याला दूध थंड करायच्या केंद्रावर जायचं. माणिकप्पाचा धाकटा लेक महांतप्पा तिथंच कामाला लागला होता, सायकलवर ये-जा करायचा. त्यानं बातमी आणली, संस्थेमार्फत लहान शेतकऱ्याला म्हैस मिळते, पण एका रेशन कार्डामागं एकच.

"अप्पा, आपण दोन कार्डं केली तर दोन म्हशी," तो म्हणाला. "खातेफोड करायची. नुसती कागदावर वो! घर येकच, चूल येकच."

थोरला रेवणसिद्ध मुकाट माणूस, बैलांशी जास्त बोलायचा. त्यानंही मान हलवली. कागदाचं काम तर कागदाचं. माणिकप्पानं अकरा एकर साडेपाच-साडेपाच करून दिले. कार्डं लिहायला बसलेल्या कारकुनानं विचारलं, म्हातारा-म्हातारी कुणाच्या कार्डावर घालू? रेवणसिद्धाच्या घरची चार माणसं, महांतप्पाच्या घरची चार. माणिकप्पाच्या तोंडातून, श्वास घ्यावा तसं, निघून गेलं, "येक हिकडं, येक तिकडं." पाच आणि पाच. खाली काही उरलं नाही. स्वतःचं नाव त्यानं थोरल्याच्या कार्डावर घातलं, शरणम्माचं धाकट्याच्या.

घरी आल्यावर शरणम्मानं ते कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

"हितं न्हाय. महांताच्या कार्डावर हाय."

"आन तुमचं?"

"रेवणच्या."

तिनं कार्ड खाली ठेवलं. "गोरोबाभावजीवानी," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. माणिकप्पाला राग आला. अगं, कागद आहे नुसता, खुळी का काय तू! तो असं मोठ्यानं म्हणालासुद्धा.

दोन म्हशी आल्या, एकाच गोठ्यात शेजारी शेजारी बांधल्या. दोन महिने बरे गेले. पण त्या वर्षी परतीचा पाऊस आला नाही आणि ज्वारी हातभर उंचीवरच वाळली, कडबा तुटपुंजा झाला. रेवणसिद्धाच्या कार्डावरची म्हैस आटली. महांतप्पाची पाच शेर देत राहिली. थोरली सून म्हणाली, दुभतीला जास्त वैरण का, आमची काय मारायला आणली? धाकटी म्हणाली, भाकडीला कशाला घालायची? मग कडब्याच्या दोन गंजी झाल्या. मग दुधाची दोन भांडी झाली. संक्रांतीनंतर एक दिवस धाकट्या सुनेनं परसात तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली. लोकांची घरं जशी फुटताना माणिकप्पानं बघितली होती तसंच, त्याच क्रमानं, त्याचं घर त्याच्या डोळ्यांदेखत फुटत गेलं. दुसऱ्याच्या घरी तो पहिल्या दिवशीच सांगून मोकळा झाला असता. आपल्या घरी त्याला चूल पेटल्यावर कळलं.

पाडव्याला वाटणी ठरली. आता पंचाईत अशी, की वाटणार कोण? दोन्ही लेक म्हणाले, अप्पा, तुम्हीच. तुमच्याइतकं चोख दुसऱ्या कुणाचं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शरणम्मा त्याच्यापाशी येऊन बसली. लग्न होऊन अडतीस वर्षं झाली होती, पण तिनं त्याच्याकडं काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"दोन एकर आपल्याला काढा," ती म्हणाली. "वढ्याकडचं मुरमाड दिलं तरी चालंल. मला उमरग्याला न्हाय जायाचं."

महांतप्पानं उमरग्यात खोली बघितली होती. बायको-पोरांना तो तिकडंच नेणार होता, आणि धाकट्या सुनेची दोन पोरं सांभाळायला माणूस हवं होतं. कार्डावर नावही होतंच.

"बघतो," माणिकप्पा म्हणाला. आणि त्यानं खरंच बघितलं हो! पहाटे उठून दोरी घेऊन ओढ्याकडच्या रानात गेला. दोन एकर मापले, खुणेला दगड ठेवले. आपण दोघं इथं छपरी घालू, एक शेळी बांधू, असा त्याच्या डोक्यात बेत तयार झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो दोरी टाकताना खूष होता.

ऊन वर यायच्या आत अंगणात गावातली पाच माणसं जमली. साक्षीला म्हणून समोरच्या गल्लीतली गजराबाईही भिंतीला टेकून बसली होती. भांडी झाली, गंजी झाल्या, बैल झाले. धाकट्यानं आधी उचललं, थोरल्यानं मागून. शेवटी माणिकप्पानं घसा साफ केला.

"वढ्याकडचं दोन एकर म्या वेगळं काढलंय," तो म्हणाला. "मला आन तुमच्या आईला."

महांतप्पानं खाली बघितलं. बोलला तो रेवणसिद्ध, जो कधी बोलायचा नाही तो.

"अप्पा, अकरातनं दोन गेल्यावर साडेचार-साडेचारात काय पिकवायचं? दहा वर्सामागं गोरोबाकाकाच्या अंगणात म्या तुमच्या शेजारीच हुतो. नवाचं तीन वाटं केल्यावर औताला वळाय जागा न्हाय, आसं तुमीच म्हणला हुता. त्याच्यावर सगळ्या गावानं मान हलवली हुती."

त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. बापाचा शब्द खरा धरून चालणारा पोरगा होता तो. आणि पाचही माणसांनी, सवयीनं, मान हलवली. माणिकप्पानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. यातल्या तिघांच्या आईबापांना त्यानंच वेगळं केलं होतं. ते आता काय म्हणून त्याच्या बाजूनं बोलतील?

"बरं, रान नको," तो म्हणाला. "रान तुमी घ्या, सगळं घ्या. पण हिला हितं ऱ्हाऊ द्या. आमाला एका चुलीवर घाला. भाकर कमी द्या, पण एका चुलीवर घाला."

वाडीनं माणिकप्पाला मागताना कधी बघितलं नव्हतं. एकानं तर लाजून मान फिरवली.

तेवढ्यात भिंतीकडून गजराबाईचा आवाज आला, अगदी हळू.

"हेच म्हणला हुता वो आमचा म्हातारा. भाकर कमी द्या पण एका चुलीवर घाला, आसंच. तुमी दोरी गुंडाळत हुता, अप्पा. तुमी म्हणला, वाटणीत मागणं न्हाय."

माणिकप्पाच्या हातातली दोरी खाली पडली. त्याला ते आठवलं. गोरोबाचा चेहरा आठवला, त्याच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं. इतकी वर्षं ते कुठं जाऊन बसलं होतं कुणास ठाऊक.

शरणम्मा उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि बोचकं घेऊनच बाहेर आली. म्हणजे तिनं ते आधीच बांधून ठेवलं होतं.

"महांता, चल बाबा. गाडीची येळ झाली."

"शरणे," माणिकप्पा म्हणाला. लोकांसमोर त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. "ऱ्हा गं. म्या सांगतो ह्यांना."

"काय सांगताल?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "सगळ्यांच्या घरला येक न्याव आन आपल्या घरला दुसरा? मग गजराक्कांनी काय पाप केलं हुतं? आठ वर्सं त्येंच्या तोंडाकडं बघून पाणी भरलंय म्या. आज हितं ऱ्हायले तर उद्या इहिरीवर त्येंच्याकडं बघता यायचं न्हाय मला." मग थांबून म्हणाली, "पण येक सांगते. सुकडी संपली त्या दिशी मला भुकेचं काय वाटलं न्हाय. तुमी पोतं झटकून लोकांस्नी दाखवलं नव्हं, त्येचं वाटलं."

ती निघाली. माणिकप्पा फाट्यापर्यंत तिच्या मागं चार पावलांवरून चालत गेला. एसटी आली, महांतप्पानं बोचकं वर टाकलं, धाकट्या सुनेची पोरं खिडकीसाठी भांडायला लागली. शरणम्मा मधल्या बाकावर बसली. गाडी हलली तेव्हा तिनं बाहेर बघितलं, आणि डोक्यावर ऊन आहे, रुमाल घ्या, अशी हातानं खूण केली. रुमाल अंगणातच राहिला होता.

तो परत आला तो आपल्या घरी गेला नाही. समोरच्या गल्लीत, परसातल्या छपरीपुढं जाऊन उभा राहिला. गजराबाई चुलीपुढं बसली होती.

"चुकलं माझं, गजराक्का," तो म्हणाला.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, तव्यावरची भाकरी उलटली.

"आता म्हणून काय उपेग, अप्पा," ती म्हणाली. "ज्याला म्हणायचं त्यो गेला. जिला म्हणायचं ती गाडीत बसली." मग दारातल्या दगडाकडं बोट केलं. "उनाचं उभं ऱ्हाऊ नका. बसा."

तो बसला आणि एवढा मोठा माणूस तोंडात बंडीचं टोक कोंबून रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग भाकरी मोडली, एक तुकडा चटणी घालून त्याच्यापुढं धरला. दुसरा आपल्या हातात ठेवला. माणिकप्पानं घ्यायला हात पुढं केला आणि त्याची नजर, जन्माच्या खोडीनं, एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर गेली. आपल्याकडं जास्त आलं होतं.

"घ्या," गजराबाई म्हणाली. "मापू नका."